बाबांचा पाव

तुम्ही हसाल, पण घरात कुणी पाव मागितला तर 'नाही' म्हणायची मला भीतीच वाटते.

बाबांची शुगर वाढली आणि डॉक्टरांनी पाव बंद केला. मी घरूनच काम करायचो. जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटांत अंडाभुर्जी करायची आणि कोबीच्या पानात गुंडाळून बाबांना द्यायची. ते रोज विचारायचे, "पाव नाही?"

"शुगर उतरली की देतो."

एकदाचा रिपोर्ट चांगला आला. बाबा म्हणाले, "आता?"

मी म्हटलं, "अजून एक महिना थांबा."

त्याच आठवड्यात ते गेले.

दहाव्याला विरारच्या तळ्यावर पिंडाला कावळा शिवेना. काका हात जोडून म्हणाले, "दादा, वहिनीला आम्ही सांभाळू." आत्या म्हणाली, "गावचं घर विकणार नाही." कावळे झाडावर ढिम्म. शेवटी मी नाक्यावरच्या बेकरीतून पाव आणला आणि पिंडाजवळ ठेवला. मी हात मागे घेतोय तोच कावळ्यानं तो उचलला.

परवा माझीही शुगर निघाली. मुलगी कोबीच्या पानात भुर्जी घेऊन उभी. "फक्त एक महिना, बाबा."

म्हटलं, "पोरी, माझा पाव मलाच दे. कावळ्याला नको."