दर्या लागणारा इंजिनवाला

माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि ऱ्हस्व-दीर्घ चौथीनंतर शाळेबरोबरच सुटलं, त्याची माफी असावी. सासूबाई बोंबील वाळत घालताना बोलल्या, तसं घरापुरतं लिहून ठेवते.

काय सांगू पोरी तुला, माझा जन्म हरिहरेश्वराकडचा, स्वराज्य आलं त्याच वर्षी या घरात आले, आणि बघते तर कोळ्याचा मुलगा नि त्याला दर्या लागतो! व्हय, तुझे सासरेच. मचवा खाडीबाहेर पडला की ओकाऱ्या सुरू. मचव्याचे तांडेल माझे थोरले दीर, ते म्हणायचे, याला नेण्यापेक्षा मिठाची गोण नेलेली बरी. मग ह्ये आम्हा बायांत बसून जाळी विणायचे, बाया हसायच्या, ह्ये पण हसायचे.

पुढं सरकारनं इंजिन शिकवायचं काढलं, गावातून एक माणूस द्या म्हणाले. हंगामात कामाचा माणूस कोण सोडतो? दीर म्हणाले, आमच्याकडे एक रिकामा हाय, न्या. असे ह्ये गेले, आणि आले ते नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगायला लागले.

सोसायटीचं कर्ज काढून मचव्याला इंजिन बसवलं, ह्यांनी खलाशांना किनाऱ्यावर शिकवलं. पण इंजिन दर्यात बंद पडायचं, नि शिडावर परत आणलं की इथं गुमान चालायचं! दीर म्हणाले, परत देऊन टाकू, न्हायतर हप्त्यापायी मचवा जाईल. ह्ये म्हणाले, दर्यात बिघडतं तर दर्यातच बघायला पाहिजे. मी म्हटलं, तुम्हाला जमेल? म्हणाले, ओकायला काय शिकावं लागतं?

इंजिनाशेजारी स्वतःला दोरीनं बांधून घेतलं, पायांत बादली, तोंड बादलीत नि कान इंजिनाकडे. बंद पडल्याबरोबर तेलाची नळी सोडवली, तर गाळानं चोंदलेली. किनाऱ्यावर तो गाळ टाकीच्या तळाला बसायचा, लाटांवर ढवळून नळीत यायचा. त्या दिवसापासून माझ्या जुन्या लुगड्यातून गाळल्याशिवाय तेल टाकीत जात न्हाय. गावोगावची पोरं आपल्या अंगणात इंजिन शिकून गेली, पयला धडा लुगड्याचा! माझी लुगडी संपली, पण ह्यांच्या हाताखालचं कोणी रिकामं राहिलं न्हाय.

यंदा शेवटचा हप्ता. दीर म्हणाले, हा तूच भरायचा, चल, बस मचव्यात. ह्ये म्हणाले, दादूस, मी यष्टीनं येतो. सगळे इंजिनावर गेले, ह्ये यष्टीनं धूळ खात. दीर तालुक्याला सोसायटीच्या कचेरीच्या पायरीवर वाट बघत बसले, कोणाला आत जाऊ देईनात. ह्ये आल्यावर पैशाचं पुडकं ह्यांच्या हातात दिलं, ह्यांनी भरलं, आणि सगळं कर्ज फिटलं.