बायकोची जागा

जुळे सोलापुरातली पिठाची गिरणी. ज्वारीचे डबे रांगेत होते आणि माझ्यापुढं त्या दोघी.

"महानंदाक्का, मालक गेल्यापासनं तुमी आजच दिसताय की. शेवटी तुमाला वळखत बी न्हवते म्हणं?"

"कुटलं वळखतात! मला कामाची बाई समजायचे. भाकरी खायचे अन् मलाच सांगायचे, 'बरी हाय, पर आमच्या महानंदाच्या हातची एकदा खाऊन बघ.'"

"तुमालाच?"

"मलाच की! सगळा संसार झाला, तोंडावर कदी चांगलं म्हणले न्हाईत. मग मी बी मुद्दाम इचारायची, 'कशी हाय हो तुमची महानंदा?' म्हणायचे, 'लई गुणाची. पर लई तापट.'"

"ते मातर खरं हाय!"

"गप ग! अन् मी पलंगावर जरा टेकले की ओरडायचे, 'ऊठ, ऊठ! बायकोची जागा हाय ती. तिनं बघितलं तर दोघांना बी घराबाहेर काढंल!' मग मी आपली खाली, सतरंजीवर."

"आता तरी पलंगावर झोपताय न्हवं?"

"काल झोपले होते. जरा येळानं उठून खाली आले."

"का वो?"

"म्हणलं, महानंदानं बघितलं तर?"