वरखाली होणाऱ्या बेडबाबत खुलासा

मी, बाजारात बटणवाल्या बाई म्हणून ओळखली जाणारी, वय ६१ वर्षे, धंदा – लाकडी बटणे व दारावरच्या पाट्या कापून विकणे, राहणार – चौकातल्या दवाखान्यामागे, तळमजला (वरच्या मजल्यावर मुलगा व सून राहतात, घर माझ्या नावावर आहे, तेही लिहा), पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून जबाब देते की,

मी वरील पत्त्यावर मागच्या खोलीत काम करते. माझे पती सहा वर्षांपूर्वी वारले. त्यांच्याबद्दल या प्रकरणात मला काही सांगायचे नाही.

कामासाठी माझ्याकडे लेझरचे एक लहान यंत्र आहे. हौस म्हणून जुने घेतले, पुढे त्याचा धंदा झाला. बंद पेटीत वरून किरण येतो आणि खाली ठेवलेले लाकूड कापतो. हा किरण एका ठरावीक अंतरावरच टोकदार असतो. लाकूड जाड असले की ते वरच्या भिंगाच्या जास्तच जवळ येते आणि कापले जाण्याऐवजी करपते. ज्या जाळीवर लाकूड ठेवतात तिला बेड म्हणतात. माझ्या यंत्रात ती एकाच उंचीवर पक्की बसवलेली होती. जाड लाकडासाठी मी ती काढून टाकत असे आणि तिच्या जागी पुठ्ठे, फरशीचे तुकडे व एकदा सुनेचे वजन कमी करण्याचे पुस्तक रचून उंची जुळवत असे. पुस्तकाला आच लागली. त्यावरून घरात जे बोलणे झाले ते इथे लिहिण्याची गरज नाही.

ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते सदर इसम हे निवृत्त लिफ्ट मेकॅनिक असून आमच्या भागात त्यांना लिफ्टवाले म्हणतात. ते दारावरची पाटी करून घ्यायला आले होते. पाटी करपली. का करपली ते मी त्यांना यंत्र उघडून दाखवले. ते म्हणाले, "बाई, मी जन्मभर माणसं वरखाली केली. ही एवढीशी जाळी होणार नाही?" दुसऱ्या दिवशी ते आटे पाडलेल्या चार सळया घेऊन आले. त्यानंतर रोज येऊ लागले. पाटीचे नाव पुन्हा काढले नाही.

बेडची रचना अशी. चार कोपऱ्यांत चार उभ्या सळया, प्रत्येक सळईवर नट, चारही नटांवर जाळीची चौकट. खाली प्रत्येक सळईला दातेरी चाक आणि चारही चाकांभोवती एकच पट्टा. बाहेरची मूठ फिरवली की सळया एकदम फिरतात व जाळी सरळ वर किंवा खाली जाते. निदान तसे ठरले होते. पहिल्यांदा मूठ फिरवली तेव्हा तीन कोपरे वर गेले आणि चौथा ढिम्म बसून राहिला. लिफ्टवाले म्हणाले, "हा आमच्या युनियनचा दिसतोय." खोलीतून हसण्याचे आवाज येत होते का, असे मला विचारण्यात आले. होय, येत होते. ते माझेच.

पट्टा त्या एका चाकावरून घसरत होता. पट्टा ताणून धरायला मधे आणखी एक चाक बसवा, असे मी सुचवले. लिफ्टवाले आधी नको म्हणाले, मग रुसले, मग बसवले.

रविवारी दुपारी जेवणानंतर आम्ही बेडची चाचणी घेत होतो. करपल्याचा वास वर येतो अशी सुनेची तक्रार असल्यामुळे दार लोटले होते. कडी लावली नव्हती. माझी नणंद वर मुलाकडे आली होती. ती खाली येऊन दाराशी किती वेळ उभी होती ते मला माहीत नाही. "अजून थोडा वर घ्या", "जोर लावू नका, आपोआप येईल" आणि "आता कसा मस्त हलतोय" ही तिने ऐकलेली वाक्ये खरी आहेत. शेवटचे माझे आहे.

नणंदेने जिन्यातून हाक मारली, "अरे, धाव! तुझ्या आईच्या खोलीत बेड हलतोय!" मुलाने येऊन दार लाथेने उघडले. नुसते ढकलले असते तरी उघडले असते. त्या वेळी लिफ्टवाले पट्टा पाहण्यासाठी यंत्राच्या टेबलाखाली आडवे होते. ते दचकून उठले व टेबलाची कड कपाळाला लागली. रक्त डोळ्यांत गेल्यामुळे त्यांना दिसत नव्हते. हातात पाना होता. नणंद "मारतोय, मारतोय" म्हणून ओरडली. मुलाने त्यांना धक्का दिला. ते पडले, त्यांचे डावे मनगट मोडले आणि पाना उडून मुलाच्या पायाच्या अंगठ्यावर पडला. मुलाच्या तक्रारीत यालाच प्राणघातक हल्ला म्हटले आहे. पाना माझ्या बोटाएवढा आहे. जमा करून घ्यावा.

मुलगा मला म्हणाला, "या वयात हे काय चालवलंयस? लाज नाही वाटत?" मी म्हणाले, "इकडे बघ तरी, चारही कोपरे सारखे आले." त्याने पाहिले नाही.

हा माणूस पुन्हा दिसला तर आम्ही घर सोडून जाऊ, असे तो सर्वांसमक्ष म्हणाला. मी त्याला टेम्पोवाल्याचा नंबर दिला. नंबर सांगताना माझा आवाज कापत होता हे खरे आहे. रागाने, असे लिहावे.

माझी मुलाविरुद्ध तक्रार नाही. तो लहानपणी असा नव्हता. हे वाक्य खोडले तरी चालेल.

सदर इसमाशी आपले नाते काय, असे हवालदारांनी विचारले. मी म्हणाले, लिफ्टवाले. ते म्हणाले, "बाई, तो धंदा झाला. नातं सांगा." शेजारी म्हणावे तर ते दोन गल्ल्या सोडून राहतात. हवालदारांनी आपल्या मनाने "ओळखीचा इसम" असे लिहिले. मी ते खोडायला लावले व "माझा माणूस" असे लिहायला सांगितले. "असं कुठे लिहितात का?" असे ते म्हणाले. मी म्हणाले, "आता लिहा." ही गोष्ट मी सदर इसमास अद्याप सांगितलेली नाही. माझ्यानंतर त्यांचा जबाब घेताना कृपया विचारू नये.

माझा हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. हवालदारांचा आवाज खणखणीत असून खोलीचे दार उघडे होते. मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे का, असे विचारल्यावर मी उत्तर देण्याआधीच बाहेरच्या बाकावरून "बरोबर आहे" असा आवाज आला. त्यांची सही या जबाबावर लागत नाही. माझी खाली केली आहे.