निनाद कारखानीसाच्या घरी उतरलेले तीन टेम्पो

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा आणि माझ्या एका प्रश्नाचं उत्तर द्या. ज्याच्या घरात कचऱ्याचा कण सापडत नाही, त्याला स्वच्छ माणूस म्हणायचं का? हो? पहिल्या रांगेतल्या काकूंनी मान हलवलीसुद्धा! काकू, इतकी घाई नको. आख्यान संपेपर्यंत हीच मान उलटी हलवावी लागली तर मला बोल लावू नका.

तर ऐका! आपल्याच जिल्ह्यातलं एक गाव. नाव सांगत नाही, पुढच्या महिन्यात तिथं माझं कीर्तन ठरलंय! त्या गावात निनाद कारखानीस नावाचा इंटिरियर डिझायनर. आजोबा विचारतायत, म्हणजे कोण? म्हणजे घर आतून सजवून देणारा. पूर्वी बायका घर सजवायच्या आणि पुरुष पसारा करायचे. आता सजवायला डिझायनर आला, पुरुषांनी आपलं काम सोडलेलं नाही!

निनाद कुणाच्या घरी गेला की पाणी पिण्याआधी भिंतीवर टकटक करायचा. "ही पाडू!" दाराकडे बघायचा – "हे काढू!" फरशीवर बूट आपटायचा – "ही उखडू!" कोपऱ्यात बसलेले घरातले आजोबा घाबरून पाय जवळ घ्यायचे. न जाणो, आपल्यालाही काढायला सांगेल!

आणि निसर्गावर प्रेम किती! एका घराच्या खिडकीबाहेर कडुनिंबाचं झाड होतं. भरगच्च, पाखरांनी भरलेलं. यानं काय केलं? ती खिडकी प्लायवूडनं बंद केली आणि त्यावर जंगलाचा वॉलपेपर चिकटवला! बाहेर खरं झाड, आत कागदाचं जंगल, आणि ते जंगल दिसावं म्हणून भर दुपारी दिवे! खिडकी बंद, म्हणून एसी! अहो पेटीवाले, हसताय काय? तुमच्या हॉलमध्ये धबधबा चिकटवलाय तो मी पाहिलाय!

पण निनाद वाईट नव्हता हं. नवं घर बघून एखाद्या माउलीचे डोळे भरून आले, तर याचेही भरायचे. मागच्या दारानं काय बाहेर जातंय, तिकडे मात्र त्याची कायम पाठ असायची.

एकदा त्याला शैलाताई हेब्बाळकरांनी बोलावलं. भर चौकातला बंगला. येणारा-जाणारा प्रत्येकजण बघणार, असं काम! शैलाताई नगरपालिकेत स्वच्छता निरीक्षक होत्या. तीस वर्षं कचरा डेपोवर उभं राहून काढलेली बाई. आवाज असा, की डेपोवरची कुत्रीसुद्धा रांगेत बसायची!

निनादनं टकटक केली. हे पाडू, ते काढू. ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "कर. पण अट एकच. माझ्या घरातून जे काढशील, ते तुझ्या घरी न्यायचं. वापर, विक, कुणाला कामाचं असेल तर दे. फेकायचं मात्र नाही."

निनाद हसला. "एवढंच ना ताई?" म्हणाला आणि दिला शब्द! मंडळी, माणूस "एवढंच ना" म्हणतो तेव्हा देव वर बसून गालात हसत असतो.

आठवड्याभरात निनादच्या दारात तीन टेम्पो! दोन खोल्यांचा त्याचा फ्लॅट. सागवानी दारं आली, शहाबादी फरशा आल्या, कपाटं आली. शिवाय आठ वर्षांपूर्वी ताईंच्या भाच्यानं हौसेनं करून घेतलेलं, भुशाच्या फळ्यांचं किचन आलं. पाणी पिऊन फुगलेलं, नुसतं हात लावला की भुगा! हे सगळं कुठं ठेवलं? बाळाच्या खोलीत!

हो, ते सांगायचं राहिलंच की! निनादची बायको मृदुला माहेरी गडहिंग्लजला बाळंतीण झालेली. मुलगी! पाच आठवड्यांनी मायलेकी घरी यायच्या होत्या. मृदुला रोज फोन करायची. "खोली झाली का रे?"

"होतेय, होतेय!" आणि हा फोन घेऊन उभा कुठं? दोन दारांच्या फटीत, कारण घरात तेवढीच जागा उरलेली!

एक दिवस मृदुलानं व्हिडिओ कॉल केला. संपलं! मागची फरशांची चळत तिनं बघितली आणि शांतपणे म्हणाली, "निनाद, लोकांची घरं तू महिन्यात उभी करतोस. आपल्या मुलीला एक खोली होत नाही? खोली रिकामी झाल्याशिवाय मी तिला घेऊन येणार नाही." ओरडली असती तर बरं झालं असतं. नवरे मंडळींना माहीत आहे, बायको शांत आवाजात बोलली की काय होतं!

निनाद धावत शैलाताईंकडे. "ताई, अटीतून मोकळं करा. घरात श्वास घ्यायला जागा नाही हो! माझी मुलगी यायचीय!"

ताई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "केलं मोकळं. टेम्पो बोलाव, डेपोवर टाकून येऊ. मी बरोबर येते. पण माल तू तुझ्या हातानं उतरवायचा."

सकाळी दहाला पहिला टेम्पो डेपोवर पोचला. निनाद आयुष्यात पहिल्यांदा तिथं गेला होता. कचऱ्याचे डोंगर, ढिगातून निघणारा धूर, आणि तो वास! रुमाल नाकाला लावून तो वळला आणि थबकला. ढिगात निळी दारं पडलेली. मोरपिशी निळी! त्यानंच एका घराला बसवली होती, पाच वर्षांपूर्वी. फोटो काढून ऑफिसात लावलेला! पाच वर्षांत त्या घरच्यांना पुन्हा नवं घर हवंसं झालं आणि याची कला इथं येऊन धुमसत पडली.

आणि मंडळी, डेपोच्या कुंपणापलीकडे वस्ती. पत्र्याची घरं. एका दारात साडीची झोळी बांधलेली, आत तान्हं बाळ. आई एका हातानं झोका देतेय, दुसऱ्या हातानं पदर झोळीवर धरतेय. धूर तिकडेच जात होता ना!

ताई म्हणाल्या, "श्वास घ्यायला जागा नाही म्हणालास. तू निदान शब्द तरी दिला होतास. त्या बाईनं कुणाला दिला होता? तीन टेम्पोंनी तुझी दोन आठवड्यांत ही दशा! तिच्या दारात मी तीस वर्षं टेम्पो मोजले. माझ्याच शिट्टीवर उतरायचे. मलाही झोप यायची, असं समजू नकोस."

निनादनं टेम्पोच्या फळीवर ठेवलेला हात काढून घेतला. ड्रायव्हरला म्हणाला, "गाडी वळव."

ऐका, आता खरी गंमत! निनादनं आपल्या दिगंबर मिस्त्रीला बोलावलं. म्हणाला, "यातलं काय काय जगेल?" मिस्त्री बघतच राहिला. वीस वर्षांत साहेबानं "काय पाडायचं" सोडून दुसरं काही विचारलंच नव्हतं! त्यानं दारावर नख ओढलं. "साहेब, हे सागवान. तुमच्या नातवंडांना पुरेल." दारांची ताईंच्या स्वयंपाकघरात फडताळं झाली. फरशा घासूनपुसून परत त्याच ओसरीत बसल्या. भिंतींना चुन्याचा हात दिला. बंद करायची ठरलेली खिडकी मोठी केली, तर दिवसा दिव्याची गरजच उरली नाही! आणि मिस्त्रीनं आणखी एक शहाणपण दिलं: "साहेब, नवं करायचंच तिथं चिकटवू नका. स्क्रूनं आवळा. चिकटवलेलं मोडल्याशिवाय निघत नाही. स्क्रूचं उलगडून दुसरीकडे लावता येतं." निनाद डिझाइनच्या कॉलेजात पाच वर्षं शिकला, पण हा धडा त्याला मिस्त्रीकडून मिळाला.

खोली रिकामी होत गेली. उरला तो फुगलेल्या किचनचा ढीग. मिस्त्री म्हणाला, नको. भंगारवाला म्हणाला, फुकटही नको! जाळावं तर विषारी धूर. सात पोती भरून निनादनं कोपऱ्यात रचली, आणि मुलगी यायचा दिवस उजाडला.

मृदुला उंबऱ्यात उभी. कुशीत एवढासा जीव, कुंची घातलेला. भाकरतुकडा ओवाळून झाला. ती खोलीत आली. उघडी खिडकी, वारा, स्वच्छ भिंती. चेहरा फुलला! आणि नजर गेली कोपऱ्यात.

"हे काय?"

"एवढं राहिलं," निनाद म्हणाला.

"मग टाकून दे ना!"

निनादनं मुलीकडे बघितलं आणि बायकोला विचारलं, "कुठं?"

मंडळी, मग त्यानं तिला डेपोवरची झोळी सांगितली. ऐकता ऐकता ती खाली बसली, लेकीला घट्ट धरून. म्हणाली, "ती पोती इथून हलव. तुझ्या ऑफिसात ठेव, येणाऱ्या माणसाला आधी तीच दिसू देत." आजही त्याच्या ऑफिसात ती सात पोती आहेत. गिऱ्हाईक नवं घर मागायला येतं आणि त्याला पोत्यावर बसून चहा प्यावा लागतो!

हसा, हसा! आता माझ्याकडे बघा. परवा विश्वस्त मंडळींनी सांगितलं, "बुवा, पुढच्या वर्षी सभामंडप चकाचक दिसेल. ही दगडी फरशी उखडून चकचकीत टाइल्स घालतोय!" उत्तम! घाला! देवाचं काम आहे, माझी ना नाही. फक्त या फरशीचे टेम्पो कुणाच्या अंगणात उतरवायचे, तेवढं आत्ताच ठरवू. अध्यक्षसाहेब? खाली काय बघताय, फरशी तिथंच आहे अजून! बरं, बाकी मंडळींपैकी कोण? ज्याची तयारी असेल त्यानं हात वर करावा.

एकही नाही? काकू, तुम्ही? नुसती मान हलवताय, तीही उलटी!

मग फरशी राहू दे, ज्या पायांना तिची सवय आहे ते पायही राहू देत. आणि वर न गेलेले ते सगळे हात आता टाळीला तरी वर येऊ देत – म्हणा, विठ्ठल विठ्ठल!