आकाशबाई आणि बटुग्रह

या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या तारांगणाचे संचालक, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, बाईंच्याही आधी येऊन पहिल्या रांगेत बसलेले त्यांचे यजमान, माझे सहकारी, आणि जिच्यासाठी आपण आज जमलो आहोत ती आमची उत्सवमूर्ती, आकाशबाई! मी इथला प्रोजेक्टरवाला. उभी हयात अंधारात बटणं दाबण्यात गेली, त्यामुळे एवढ्या उजेडात बोलायचं म्हणजे डोळे दिपतात.

बाई या घुमटाखाली किती वर्षं मुलांना आकाश दाखवताहेत, ते मी सांगत नाही; वयाचा विषय निघतो. पण एक खेळ मात्र विसरता येत नाही. प्लूटो ग्रहांच्या यादीतून वगळला, त्या आठवड्यातला. वरून हुकूम आला, ग्रह आठच दाखवायचे. मी प्लूटोचं चित्र बंद ठेवलं. बाई नेपच्यूनपर्यंत आल्या, थांबल्या आणि भर खेळात माइकवरूनच माझ्यावर कडाडल्या, "अहो, दिवा लावा त्याचा! यादीतून गेलाय तो, आकाशातून नाही!"

लावला. न लावायची काय बिशाद होती माझी?

तेवढ्यात एका चिमुरडीनं भोकाड पसरलं. "पण त्यानं काय केलं होतं?" बाई तिच्याशेजारी जाऊन बसल्या. म्हणाल्या, "अगं, त्यानं काही केलं नाही. तो होता तसाच आहे. आपल्यालाच जास्त दिसायला लागलं. आधी वाटायचं, तिथे हा एकटाच. मग आसपास तसलेच गोळे सापडत गेले, एक तर जवळजवळ त्याच्याएवढा! सगळ्यांनाच ग्रह म्हणायचं, की त्यांचं वेगळं घर मांडायचं? शास्त्रज्ञांनी घर मांडलं. गोल आहे, सूर्याभोवती फिरतो, पण आपल्या वाटेवरची गर्दी ज्याला हटवता आली नाही, तो बटुग्रह. नऊ जणांतलं शेंडेफळ होता, इथे थोरल्यांत जाऊन बसला की!" पोरीनं विचार केला, "मग ठीक आहे" म्हणाली, आणि बाईंच्याच बाहीला नाक पुसलं.

मंगळ आणि गुरूच्या मध्ये फिरणाऱ्या त्या सेरेसची तर आणखीच तऱ्हा. आधी ग्रह, मग लघुग्रह, आता बटुग्रह. सरकारी नोकरीतही एवढ्या बदल्या होत नसतील! पण त्याच्या अंगावरचे मिठाचे पांढरे डाग कुठल्याही यादीत घाला, चमकायचे ते चमकतातच.

आता जरा आगाऊपणा करतो. गेल्या सोमवारी संचालकसाहेबांनी बाईंना 'मानद मार्गदर्शक' केलं. शनिवारचा शाळांचा खेळ तेवढा घ्या, म्हणाले. बाई तणतणत माझ्या खोलीत आल्या. "बघितलंत? मलाही बटुग्रह केलं! मी नाही येणार. खुर्ची नाही, खोली नाही, इथे यायचं ते कोण म्हणून?" साहेब, रागावू नका, तुमचा हेतू चांगलाच होता. पण त्यांना लागलंय ते. आणि होकार अजून दिलेला नाही.

बाई, जगभरच्या पोरांना जे पटवलंत, ते स्वतःला लागू नाही होय? निवृत्त झालात ती कचेरीच्या कागदावर. शनिवारी पोरं येतील ती काय तुमचं पद विचारायला? मला तर तुमच्या आवाजाशिवाय त्या अंधारात करमायचं नाही, साफ सांगतो. शिवाय यजमान मघाशी माझ्या कानात म्हणाले, "काही करा, पण हिला घराबाहेर काढा. निवृत्तीआधी रजेवर गेल्यापासून स्वयंपाकघरातल्या डब्यांचं रोज नवं वर्गीकरण चाललंय, मला साखर सापडत नाही!"

हसू नका, गृहस्थ खरोखर हैराण आहेत.

काय म्हणालात बाई? माइक देऊ? नको? बरं, मीच सांगतो. मंडळी, मागे ऐकू गेलं नसेल. बाई विचारताहेत, शनिवारची मुलं कितवीतली आहेत!

तिसरीतली, बाई. तिसरीतली!

आता मी बसतो. माझ्यासारख्याला माइक दिलात, एवढा वेळ ऐकून घेतलंत, मनापासून आभार. मोठ्यांसमोर तोंड जरा जास्तच सुटलं असेल, तर तेवढं पदरात घ्या.