भाड्याचं पिस्तूल

रँडल: ...म्हणून म्हणतो आई, माणसाच्या जिवाची किंमत पैशात करता येत नाही.

मर्ल: या काचेखाली एकशे ऐंशीपासून सुरू होते.

लुएला: एकशे ऐंशीचं दाखव.

रँडल: मी मघापासून काय सांगतोय, आई?

लुएला: ऐकलं की. जिवाची करता येत नाही. म्हणून म्हटलं, पिस्तुलाची तरी करू.

मर्ल: लुएलाबाई, स्वस्तातली ही तीनच आहेत. तिन्ही वापरलेली. हे एकशे ऐंशीचं, छोटं, पर्समध्ये मावतं. हे दोनशेचं, निकेलचा मुलामा दिलेलं, चकाकतं. हे दोनशे साठचं, तुर्कस्तानातून आलंय, दिसायला देखणं.

रँडल: मर्ल, तू माल दाखवतोयस, पण प्रश्न मालाचा नाही. ही एकाहत्तर वर्षांची बाई खडीचा रस्ता संपतो तिथे टेकडीवर एकटी राहते. शेरीफची गाडी पोचायला चाळीस मिनिटं लागतात. मागच्या महिन्यात आई आत बसून मक्याची भाकर खात होती आणि बाहेर कुणीतरी तिच्या गाडीखाली झोपून सायलेन्सर कापून नेला. करवतीने.

लुएला: आवाज आला होता. मला वाटलं, शेजारचा होबार्ट लाकडं फोडतोय. म्हटलं, आज उजाडलं एकदाचं याचं.

रँडल: तर आमचं असं ठरलंय. साक्षीदार तू. आईने आज पिस्तूल निवडायचं, इथेच मागे तुझ्या रेंजवर शंभर गोळ्या झाडायच्या. मध्ये एकदाही अडकलं नाही, तर तिने खुशाल टेकडीवर राहावं. एकदा जरी अडकलं, तर उद्या सामान बांधायचं आणि शहरात, कोलंबसला आमच्याकडे यायचं. आमची एक खोली रिकामीच आहे.

लुएला: तिच्या खिडकीतून पार्किंग दिसतं.

रँडल: सुरक्षित पार्किंग आहे, आई.

मर्ल: बाई, तुम्ही कबूल झालात याला?

लुएला: झाले. दोन वर्षं दर रविवारी फोनवर तेच ऐकतेय. एकदाचा निकाल लागू दे. दे ते छोटं.

मर्ल: आधी वरचा भाग मागे खेचून बघा. आत काही नाही, मी पाहिलंय. तुम्हीही पाहा.

लुएला: रिकामं आहे. हे... हे हलत नाही मर्ल. गंजलंय का?

मर्ल: नाही. लहान पिस्तुलाची स्प्रिंग कडक असते. नवरे बायकोच्या वाढदिवसाला हे घेऊन जातात, पुढच्या महिन्यात बायका इथे आणून विकतात. हे एकच पिस्तूल मी चार वेळा विकलंय.

रँडल: पाहिलंस? सांधेदुखीचा अंगठा. माझं घे. मी मुद्दाम बरोबर आणलंय. स्प्रिंग हलकी टाकलीय, चाप बदललाय, गोळी आत सरकते ती वाट घासून आरशासारखी केलीय. सगळं मी स्वतः, तळघरात. मूळचं नऊशेचं, वर तीनशेची सुधारणा.

मर्ल: सुधारणेच्या आधी चालत होतं का?

रँडल: उत्तम चालत होतं.

मर्ल: हं.

लुएला: चकाकणाऱ्याचं काय?

मर्ल: निकेल छान आहे.

लुएला: आणि आतलं?

मर्ल: निकेल फार छान आहे, बाई.

लुएला: तुर्की?

मर्ल: ते बरं आहे. फक्त गोळ्या भरायचं मॅगझिन एकच आहे. दुसरं मागवून आठ महिने झाले.

रँडल: आई, अशी विचारपूस करून भरवसा कळत नसतो. मी सात व्हिडिओ पाहिलेत. एकात तो माणूस पिस्तूल चिखलात पुरतो.

लुएला: मी कशाला पुरू? रँडल, मी चौतीस वर्षं शाळेची बस चालवली. डेपोत नवी गाडी आली की बाकीचे ड्रायव्हर मेकॅनिकला विचारायचे, चांगली कुठली. तो साहेबाने सांगितलेलं सांगायचा. मी कधी विचारलं नाही. बर्फ पडला की तो स्वतः कुठली बस बाहेर काढतो, तेवढं बघायचे. मर्ल, मागे रेंजवर लोकांना तासाच्या भाड्याने देतोस ते कुठलं?

मर्ल: ते? ते विकायचं नाही.

लुएला: बघू तर दे.

मर्ल: हे घ्या. पण ते बघण्यासारखं नाही.

रँडल: हे काय आहे? नळ दुरुस्त करायचा पाना?

मर्ल: जवळजवळ. नवं घेतलं तेव्हा एकशे चाळीसचं होतं. सहा वर्षं झाली. आतापर्यंत वीसेक हजार गोळ्या सुटल्या असतील यातून.

लुएला: साफ कधी केलंस?

मर्ल: मार्चमध्ये.

लुएला: आत्ता एप्रिल चालू आहे. बरंच स्वच्छ ठेवतोस.

मर्ल: गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये, बाई.

लुएला: आणि अडकलं कधी?

मर्ल: एकदा. एका माणसाने मॅगझिनमध्ये गोळ्या उलट्या भरल्या होत्या.

लुएला: वरचा भाग खेचला जातोय मला. बघ, सहज. हेच दे.

रँडल: आई, हे भाड्याचं आहे! सहा वर्षं वाटेल त्या माणसाने हाताळलंय. लग्नाआधी धुडगूस घालायला नवरदेवांच्या मित्रांची टोळकी येतात इथे.

लुएला: माझी बसही वाटेल त्या पोराने हाताळली. हा मर्ल तिसरीत असताना मागच्या बाकावर ओकला होता. बस बंद पडली नाही.

मर्ल: चौथीत होतो. बाई, हे विकलं तर मी भाड्याने काय देऊ?

लुएला: ते चकाकतं ते दे. लोक फोटो काढतील.

मर्ल: हे मला आधी सुचायला हवं होतं. शंभर डॉलर द्या. फॉर्म भरा, सरकारी कचेरीत फोन करून तुमच्या नावावर गुन्हा नाही ना ते तपासून घेतो, मग मागे जाऊ.

रँडल: थांबा. गोळ्या माझ्या वापरायच्या. शंभर आणल्यात. एकेक काडतूस मी स्वतः भरलंय. कारखान्यात यंत्र भरतं, मी मन लावून भरतो.

मर्ल: माझ्याकडे घरची काडतुसं चालत नाहीत.

लुएला: चालू दे मर्ल. मागाहून म्हणायला नको, की आईने गोळ्या निवडून घेतल्या.

(रेंजवर. कानांवर जाड मफ, त्यामुळे तिघंही ओरडूनच बोलतात.)

मर्ल: चाळीस!

रँडल: मोजतोय मी! आई, खांदे सैल सोड! डावा पाय पुढे!

लुएला: पाय जिथे आहे तिथे बरा आहे!

मर्ल: बाई, सगळ्या कागदाच्या मधोमध बसतायत! कुठे शिकलात?

लुएला: माझे वडील बटाट्याच्या वाफ्यापाशी बसवायचे. घुशी मारायला. भर पुढचं मॅगझिन.

मर्ल: सत्तर! ऐंशी!

रँडल: अंगठा दुखत असेल तर थांबू या. थांबलीस तरी मी काही म्हणणार नाही. म्हणजे, कोलंबस धरावं लागेल, पण बोलून दाखवणार नाही.

लुएला: तू बोलून दाखवणार नाहीस, हे ऐकायला तरी शंभर पुऱ्या करते. सहा झाल्या ना यातल्या?

मर्ल: शहाऐंशी झाल्या एकूण. चालू द्या.

लुएला: ...काही झालं नाही. नुसता टिक आवाज आला.

रँडल: अडकलं. मर्ल, तू पाहिलंस. सत्त्याऐंशीवी. आई, मला वाईट वाटतंय, खरंच वाटतंय, पण ठरलं ते ठरलं.

मर्ल: कुणी हलू नका. बाई, पिस्तुलाचं तोंड समोरच ठेवा. कधीकधी गोळी उशिरा सुटते. मनात तीस मोजा.

लुएला: मोजतेय.

रँडल: मी गाडीत खोकी ठेवलीच आहेत. चिनी मातीची भांडी आपण वर्तमानपत्रात...

लुएला: तीस.

मर्ल: आता वरचा भाग खेचा. पडली बाहेर. आणा इकडे. हे बघ रँडल. बुडावर खोलगट ठसा उमटलाय ना? पिस्तुलाने आपलं काम केलं, चांगला दणका दिलाय. पेट घेतला नाही तो तुझ्या काडतुसाने.

रँडल: शक्य नाही. हलका ठोका बसला असेल. स्वस्त पिस्तुलांचं हेच असतं.

मर्ल: मग तुझ्या महागाच्या पिस्तुलात घाल. त्याने उडाली तर बाई कोलंबसला.

लुएला: मर्ल.

मर्ल: काळजी करू नका, बाई.

रँडल: घातली. झाडतो... टिक.

मर्ल: परत तीस मोज.

रँडल: मोजले. काढली. तेल लागलं असेल एखाद्या हाताचं. शंभरात एक चालायचंच.

लुएला: कुठल्या हाताचं? तळघरात तू एकटाच असतोस ना?

मर्ल: आता असं करू. दोघांनाही दुकानातली, कारखान्याची काडतुसं. रँडल, तुझ्यात दहा घाल. तुझंही कळू दे.

रँडल: आनंदाने. बघ आई, काय मऊ चाप आहे. एक. दोन. ...अरे.

मर्ल: काय झालं?

रँडल: वरचा भाग मध्येच थांबला. तिसरी अर्धीच आत गेली.

मर्ल: स्प्रिंग हलकी केलीस ना? आता तिला पुढे ढकलायचा जोर राहिला नाही.

रँडल: त्या व्हिडिओतल्याचं तर चाललं होतं.

मर्ल: तो स्प्रिंगा विकतो, रँडल.

लुएला: माझ्या किती राहिल्या?

मर्ल: चौदा.

लुएला: भर. रँडल, खांदे सैल सोड. डावा पाय पुढे.

मर्ल: नव्वद! ...पंच्याण्णव! ...अठ्ठ्याण्णव! ...नव्याण्णव!

लुएला: ही माझ्या सायलेन्सरच्या नावाने.

मर्ल: शंभर! शंभर, बाई! वीस वर्षं दुकान चालवतोय, मी कुणासाठी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. द्या तो कागद, दारातच लावतो. सगळ्याच्या सगळ्या एका ताटलीत बसतायत.

लुएला: नाव नीट लिही. इंग्रजीत मध्ये दोन एल आहेत. आणि खाली लिही, भाड्याचं पिस्तूल.

रँडल: मान्य आहे. हरलो मी. आई, तू टेकडीवरच राहा. मी पुन्हा विषय काढणार नाही.

लुएला: रविवारी?

रँडल: रविवारीसुद्धा.

लुएला: मग ती खोकी गाडीतून काढून मला दे. बटाट्याचं बेणं ठेवायला होतील, उद्याच वाफे करते. आणि शार्लीनला फोन करून सांग. ती बिचारी माझ्यासाठी खोली आवरत असेल.

रँडल: तू कागद बघत होतीस तेव्हाच केला.

लुएला: काय म्हणाली सूनबाई?

रँडल: म्हणाली, बरं झालं.

लुएला: बरं कसलं झालं?

रँडल: त्या खोलीतला पलंग तिने फेब्रुवारीतच विकलाय.