साहेबांचा फणस

हे कुणाला सांगायचं नाही असं मी रोझ आंटींना कबूल केलंय, तेव्हा तुम्हीही सांगू नका.

बंगळुरूतल्या आमच्या व्हाइटफील्डच्या जुन्या भागात आंटींच्या फाटकाबाहेर एक फणस आहे. शाळेच्या प्रकल्पासाठी मी त्यांच्याकडून गावाच्या नावाची गोष्ट लिहून घेत होते, तेवढ्यात रस्ता रुंद करणारे अधिकारी आले आणि फणसावर तोडण्यासाठी लाल खूण करायला लागले.

आंटी ताडकन उठल्या. "थांबा! ज्या साहेबांच्या नावावरून गावाला हे नाव पडलं, त्यांनी स्वतः लावलंय हे झाड."

अधिकाऱ्याने आंटींच्या म्हाताऱ्या माळ्याला, मुनियप्पा अण्णांना विचारलं, "खरं का?"

"हौदु सर," अण्णा होकाराची मान डोलावत म्हणाले. "साहेबांनीच."

खूण न करताच ते गेले. मग आंटी मला हळूच म्हणाल्या, "अण्णानेच लावलंय. त्याची थोरली मुलगी झाली त्या वर्षी. पण माळ्याच्या झाडासाठी रस्ता कोण वळवतं, बेटा?"

मी अण्णांना विचारलं, "तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"स्वल्प वाटलं," ते म्हणाले. "पण झाड राहिलं ना पुट्टी, सरी, चाललं." पुट्टी म्हणजे कन्नडमध्ये छोटी मुलगी.

आता तिथे साहेबांच्या नावाची पाटी आहे. लोक तिच्यासमोर फोटो काढतात आणि पाणी घालणाऱ्या अण्णांना जरा बाजूला व्हायला सांगतात. मला ते बघवेना. म्हणून काल मी पाटीच्या मागच्या बाजूला, पेन्सिलीने, अगदी बारीक अक्षरांत अण्णांचं आणि त्यांच्या मुलीचं...

आई हाक मारतेय. आले गं!